ओटा घालायच्या आधी : घर बांधताना स्वयंपाकघराची आखणी

घराचा नकाशा पहिल्यांदा हातात येतो तेव्हा सगळे हॉल केवढा झाला ते बघतात. मग बेडरूम, मग गाडी लावायची जागा. स्वयंपाकघर एका कोपऱ्यात ‘८ × १०’ असं लिहून मोकळं झालेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, “ओट्याचं नंतर बघू.” हे ‘नंतर’ फार महागात पडतं. ओटा घालायला मिस्त्री येतो तोवर खिडकीची उंची ठरून गेलेली असते, सांडपाण्याचा पाइप जोत्याखाली गाडलेला असतो, माळ्याचा स्लॅब ओतून झालेला असतो आणि वायरमनने त्याच्या अंदाजाने बोर्ड बसवलेले असतात. ट्रॉलीवाल्याच्या हाती मग दारांचा रंग तेवढा उरतो.

आम्ही साताऱ्याजवळ दोन गुंठ्यांत घर बांधलं. घरात माणसं सहा, गौरी-गणपतीला वीसेक. सासूबाईंची उंची चार फूट अकरा इंच, माझी पाच फूट चार. त्या भाकऱ्या थापतात, मी पोळ्या लाटते, नवरा रविवारचं मटण करतो. त्याआधीच्या घरात दहा वर्षं ठेंगण्या ओट्यापाशी वाकून मी पाठ दुखवून घेतली होती. म्हणून या वेळी स्वयंपाकघराचा प्रत्येक निर्णय बांधकामात तो ज्या टप्प्यावर कायमचा पक्का होतो, त्याच्या आधी घ्यायचा असं ठरवलं. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पायरी १ : नकाशाच्या आधी घरातली भांडी मोजा

आर्किटेक्टकडे जाण्याआधी एक आठवडा नोंद ठेवा. एका वेळी ओट्यापाशी किती माणसं असतात? भाजी उभ्याने चिरता की खाली बसून विळीवर? भाकऱ्या रोज होतात का? वर्षाचे गहू-ज्वारी एकदम भरता की महिन्याचा किराणा आणता? घरघंटी आहे का? भांडी कोण घासतं, उभ्याने की बसून?

मग एका दुपारी सगळी भांडी, डबे, बरण्या, पराती, कुकर, पुरणयंत्र, सणाची मोठी पातेली जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा : रोजचं, आठवड्याचं, सणावारी लागणारं. रोजच्या ढिगाला कमरेपासून खांद्यापर्यंतची जागा मिळाली पाहिजे, आठवड्याच्याला ओट्याखालची आणि सणाच्याला माळा. आमचा रोजचा ढीग वाटला होता त्याच्या निम्मा निघाला आणि सणाचा दुप्पट. त्यामुळे ट्रॉल्या कमी केल्या आणि छोटी कोठीची खोली वाढवली. किती ट्रॉल्या हव्यात याचं उत्तर कॅटलॉगमध्ये सापडत नाही, ते या ढिगांत असतं.

पायरी २ : घरात जागा कुठे

वास्तुशास्त्र आग्नेय कोपरा सांगतं. ते मानणाऱ्यांना तो हवाच असतो, न मानणाऱ्यांनाही आपल्या हवामानात त्यातलं बरंच पटेल. पूर्वेकडे सकाळचं ऊन येतं, ओलसर ओटा आणि फडकी लवकर वाळतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेच्या बाजूच्या स्वयंपाकघरातली फोडणी घरभर न फिरता बाहेर जाण्याची शक्यता जास्त. पश्चिमेच्या भिंतीला ओटा लागला तर मात्र एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळचा स्वयंपाक तापलेल्या भिंतीसमोर उभं राहून करावा लागतो. दुसरा पर्यायच नसेल तर त्या भिंतीवर रुंद छज्जा काढा किंवा कोठी तिकडे सरकवून ओटा आतल्या बाजूला घ्या.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर कमीत कमी ५ चौरस मीटर आणि रुंदीला १.८ मीटर हवं, जेवणही तिथेच होणार असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर. म्हणजे साधारण ५४ आणि ८१ चौरस फूट. हा किमान आकडा आहे. सहा माणसांच्या घरात, कोठी आणि धुण्या-घासण्याची जागा सोडून, ९ × ११ फूट मिळाले तर दोन बायका एकमेकींना धक्का न लावता काम करू शकतात.

मागचं दार आणि मोरी स्वयंपाकघराला चिकटूनच ठेवा. भांडी घासणाऱ्या मावशींना खरकट्या भांड्यांची पाटी घेऊन हॉलमधून जावं लागलं तर तो नकाशा चुकला असं समजा.

पायरी ३ : चुन्याने आखा आणि चालून बघा

कागदावर सगळंच मावतं. जोता भरून झाला की त्यावर चुन्याने किंवा रांगोळीने ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज आणि दरवाजे खऱ्या मापात आखा. मग चहा करून बघा : फ्रिजमधून दूध काढा, पातेलं विसळा, शेगडीवर ठेवा, कप घ्या, बाहेर न्या. दुसऱ्या कुणाला तरी त्याच वेळी कणिक मळायला उभं करा. अर्ध्या तासात कळतं की फ्रिजचं दार कुणाच्या पाठीत लागतंय.

शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण सगळेच सांगतात. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट ठेवावी हा हिशेब ठीक आहे, पण तो एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा आहे. आधुनिक आटोपशीर स्वयंपाकघराचा नमुना मानलं जाणारं जर्मनीतल्या फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली आखलं, ते जेमतेम १.९ × ३.४ मीटरचं होतं आणि त्यात एकच बाई काम करणार असं गृहीत होतं. आपल्याकडे एक भाजी फोडणीला टाकते, दुसरी पोळ्या लाटते आणि तिसरं कुणी डबे भरत असतं. म्हणून त्रिकोणाइतकीच मधली मोकळी जागा महत्त्वाची. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये ४ फूट सोडा. साडेतीन फुटांत एक जण सुखाने वावरतो, दुसरा आला की “सरक जरा” सुरू होतं.

आकाराचं म्हणाल तर ७ फुटांपेक्षा अरुंद खोलीला सरळ एकाच भिंतीचा ओटा बरा. ८ × १० ला ‘एल’ छान बसतो. ‘यू’ आकारात ओटा भरपूर मिळतो, पण दोन कोपरे वाया जातात आणि खाली बसायला जागा उरत नाही. माझा कौल ‘एल’ला आणि समोरच्या भिंतीपाशी फ्रिज व कपाटाला.

कामाचा क्रम असा लावा : फ्रिज, मग सिंक, मग चिरण्या-मळण्याची जागा, मग शेगडी, मग वाढून ठेवायची जागा, आणि ती जेवायच्या टेबलाच्या बाजूला. सिंक आणि शेगडी यांच्यात निदान ३ फूट ओटा हवा, सगळं खरं काम तिथेच होतं. शेगडीच्या पलीकडे दीड फूट सोडा. शेगडी भिंतीला खेटली की कढईचा कान भिंतीला लागतो आणि एका बाजूचा बर्नर वापरताच येत नाही.

आणि ४ × ५ फुटांची स्वच्छ, वाटेत न येणारी जमीन राखून ठेवा. पालेभाजी निवडणं, नारळ खवणं, पापड लाटणं, दिवाळीचा फराळ ही सगळी कामं खाली बसूनच बरी होतात. नव्या घरांच्या नकाशात ही जागा नसते, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना स्वयंपाकघर परकं होतं.

पायरी ४ : जोत्याखालचं पाणी

सिंक आणि मोरीची जागा जोता भरताना पक्की हवी, कारण सांडपाण्याची लाइन तिथून बाहेर चेंबरकडे जाते. सिंक बाहेरच्या भिंतीला घ्या म्हणजे पाइप दोन-तीन फुटांत घराबाहेर पडतो. स्वयंपाकघराच्या पाण्यात तेल-तूप असतं, ते लांबच्या पाइपमध्ये थिजतं आणि लाइन तुंबते. पाइपला सरळ ढाळ द्या आणि वळण असेल तिथे साफ करायला तोंड ठेवा.

फरशीवर एक नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी गटारात नेणारं जाळीचं तोंड, मोरीच्या बाजूला हवाच, पण तो सिलिंडरच्या जागेजवळ नको. कारण गॅसच्या पायरीत सांगते.

नळाच्या लाइन्स दोन घ्या : टाकीच्या पाण्याची आणि पिण्याच्या पाण्याची. बोअरचं पाणी एका तोटीला आणि नळ योजनेचं दुसरीला असेल तर कुठलं कुठे हे प्लास्टरच्या आधीच ठरवा. शुद्धीकरण यंत्रासाठी सिंकपासून हातभर अंतरावर पाण्याचा पॉइंट, विजेचा पॉइंट आणि वाया जाणारं पाणी न्यायची नळी, तिन्ही लागतात. ते पाणी बादलीत किंवा बागेत सोडता येईल अशी नळी काढा.

पायरी ५ : भिंती, खिडकी, माळा

ओट्यावरच्या खिडकीचा खालचा कठडा फरशीपासून साधारण साडेतीन फुटांवर हवा. ३ फुटांवर घेतला तर ओट्यावर ठेवलेला डबा खिडकीत दिसतो, पाणी कठड्यावर उडतं आणि सिंकची उंच मानेची तोटी आत उघडणाऱ्या झडपेला अडवते. सरकती खिडकी घेतली तर ही अडचण मिटते. जाळीची झडप मात्र विसरू नका.

खिडकी सिंकसमोर असावी, शेगडीसमोर नको. वाऱ्याने ज्योत एका बाजूला वळते, गॅस जास्त जळतो, कधी ज्योत विझतेही. शेगडी शेजारच्या भिंतीला, खिडकीच्या कडेपासून दोन फूट लांब ठेवा. छताचा पंखाही शेगडीच्या डोक्यावर न घेता बसायच्या जागेवर घ्या.

चिमणीच्या धुराड्याचं भोक नंतर मशीनने पाडता येतं, पण मध्ये बीम आला तर ते कुणी पाडू नये. बीमच्या खाली आणि लिंटेलच्या (दारं-खिडक्यांवरच्या काँक्रीटच्या पट्टीच्या) वर जी विटांची पट्टी उरते, तिथे बांधकाम चालू असतानाच ६ इंची पाइपचा तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवून घ्या. उतार नसेल तर पावसाचं पाणी थेट चिमणीत. शेगडी बाहेरच्या भिंतीला असेल तर धूर एका वळणात बाहेर जातो. पाइप जितका लांब आणि जितकी वळणं जास्त, तितकी चिमणीची ओढ कमी. चिमणी घ्यायची नसेल तरी एक्झॉस्ट पंख्याचं चौकोनी भोक सोडाच, पण ते खिडकीच्या वर नको. पंखा तिथलीच बाहेरची हवा ओढतो आणि फोडणीचा धूर आतच राहतो.

माळ्याचा स्लॅब लिंटेलबरोबर ओतला जातो, म्हणून तो कोणत्या भिंतीला हवा हे त्या आठवड्यात नव्हे, त्याआधी ठरवा. शेगडीवर माळा नको, तिथलं सामान चिकट होतं. दोन फूट खोली पुरे. त्याहून खोल माळ्यातली मागची भांडी दुसऱ्या पिढीलाच सापडतात.

कोठी ४ × ५ फुटांची असली तरी चालते. उत्तरेची भिंत मिळाली तर उत्तम. खालचे अडीच फूट मोकळे ठेवून तिथे धान्याच्या कोठ्या, त्यावर बारा ते पंधरा इंच रुंद कडप्प्याच्या फळ्या. लोणच्याच्या जड बरण्या छातीच्या वर नकोत. हवा खेळायला खाली-वर दोन झरोके द्या आणि त्यांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक लोखंडी जाळी लावा.

पायरी ६ : गॅस

इथे घाई करू नका. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो, खोलगट जागेत आणि गटाराच्या तोंडात साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी किंवा फटी हव्यात, ती जागा बाहेरच्या जमिनीपेक्षा खोल नको, जवळ नहाणी ट्रॅप नको आणि स्विचबोर्डही नको. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. त्यासाठी छताजवळ झरोका लागतो. आज सिलिंडर आहे, उद्या गावात पाइपलाइन येईल, म्हणून खाली आणि वर दोन्हीकडे हवा जायला वाट ठेवा.

१४.२ किलोचे दोन सिलिंडर शेजारी उभे राहायला ओट्याखाली साधारण ३ फूट रुंद, अडीच फूट उंच मोकळी जागा लागते. रेग्युलेटर काढता-लावताना हात आत गेला पाहिजे, हे विसरल्यामुळे अनेक घरांत दर वेळी सिलिंडर ओढून बाहेर काढावा लागतो. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा वरच्या पातळीवर आणि सिलिंडर कायम उभा. नळी भिंतीत किंवा फळीच्या मागे गाडू नका, ती डोळ्यांना दिसली पाहिजे. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, तारीख तिच्यावरच छापलेली असते. सिलिंडर घराबाहेर जाळीच्या कपाटात ठेवून तांब्याच्या पाइपने गॅस आत आणायचा असेल तर ते काम एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या. जागा असेल तर माझी पसंती यालाच.

पायरी ७ : वीज

वायरींसाठी भिंतीला झिऱ्या (खाचा) मारायच्या आदल्या दिवशी वायरमनला घेऊन आत उभं राहा आणि खडूने भिंतीवरच लिहा : ‘मिक्सर’, ‘फ्रिज’, ‘घरघंटी’. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. आमची यादी अशी होती :

- ओट्यावर मिक्सरसाठी दोन पॉइंट, दोन वेगळ्या जागी.
- इंडक्शन, मायक्रोवेव्ह किंवा ओव्हनसाठी १६ अँपिअरचे पॉइंट, प्रत्येकाला जाड, ४ चौरस मिलिमीटरची वायर.
- फ्रिजला स्वतंत्र पॉइंट.
- शुद्धीकरण यंत्र, चिमणी, एक्झॉस्ट.
- घरघंटीला कोठीत किंवा मोरीच्या आडोशाला, कारण पीठ उडतं आणि आवाज होतो.
- मोरीत एक दिवा आणि सिंकला गरम पाणी हवं असल्यास छोट्या गीझरचा पॉइंट.

ओट्यावरचे बोर्ड दगडाच्या आठ-नऊ इंच वर, सिंकपासून लांब. शेगडीच्या मागे एकही नको, नाहीतर उकळत्या पातेल्यावरून हात न्यावा लागतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, बोर्डात हवाच. ओले हात, स्टीलची भांडी आणि ओली फरशी जिथे एकत्र येतात, तिथे तोच जीव वाचवतो.

दिवा खोलीच्या मधोमध एकच लावला तर आपलीच सावली ओट्यावर पडते आणि संध्याकाळी चिरताना बोटाचा अंदाज चुकतो. ओट्याच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर किंवा वरच्या कपाटाखाली वेगळा दिवा घ्या.

पायरी ८ : ओट्याची उंची

‘स्टँडर्ड ३४ इंच’ असं कुणी म्हटलं तर विचारा, कुणासाठी? घरात घालता त्या चपला घालून सरळ उभं राहा, कोपर काटकोनात वाका, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि चार-पाच इंच वजा करा. चिरायला-मळायला ती उंची बरोबर. पाच फुटी बाईला हे ३२-३३ इंच येतं, पाच फूट पाचला ३६ च्या आसपास.

पण सगळी कामं एका उंचीची नसतात. पोळी लाटताना आणि भाकरी थापताना खांद्यातून जोर द्यावा लागतो, त्याला ओटा दोन-तीन इंच खाली हवा. शेगडीवर पातेल्याची उंची चढते, त्यात डावाने ढवळताना ठेंगण्या बाईचा खांदा वर जातो. सिंकचं उलट : सिंकचा तळ ओट्याच्या नऊ-दहा इंच खाली असल्यामुळे वाकावं लागतं, म्हणून तिथे उंच ओटा चालतो. आम्ही मुख्य ओटा ३३ इंचांवर घेतला आणि ‘एल’ची आखूड बाजू ३० वर. सासूबाईंची परात, पोळपाट आणि भाकरीसाठी एक बर्नरची शेगडी त्या खालच्या बाजूला. दोघींच्या उंचीची सरासरी काढली असती तर दोघींचीही पाठ दुखली असती.

आता ती चूक, जिच्यामुळे माझ्या आधीच्या ओट्याने दहा वर्षं त्रास दिला. गवंड्याने माप कोब्यावरून घेतलं होतं. नंतर सिमेंटचा थर आणि फरशी मिळून जमीन अडीच इंच वर आली आणि ३२ चा ओटा साडेएकोणतीस झाला. म्हणून सुरुवातीलाच लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) तयार फरशीच्या पातळीपासून बरोबर ३ फुटांवर चारही भिंतींवर रेघ मारून घ्या. खिडकी, बोर्ड, ओटा, सगळ्यांची मापं त्या रेघेवरून. उंची मोजताना वरच्या ग्रॅनाइटची जाडीही धरा.

पायरी ९ : दगड, कपाटं, फरशी

ओट्याला गडद ग्रॅनाइट घ्या. संगमरवर आणि कडप्पा लिंबू, चिंच, कोकम यांनी डागाळतात, आंबटाने त्यांचा वरचा थर खाल्ला जातो. पुढच्या कडेला खालून पाणी तोडणारी खाच पाडून घ्या, नाहीतर ओट्यावरचं पाणी दगडाखालून मागे वळतं आणि कपाटाच्या दारांवर उतरतं. रुंदी दोन फूट. मिक्सर कायम मागे ठेवणार असाल तर सव्वादोन.

ओट्याखाली उभे कडप्पे आणि पुढे प्लायची दारं, की सगळंच प्लायचं? तळमजल्यावर, ओलीचा आणि वाळवीचा त्रास असलेल्या भागात मी कडप्प्यालाच मत देईन. प्लाय घ्यायचंच तर सिंकखाली पाण्याला टिकणारं, आयएस ७१० शिक्क्याचं, आणि तळ फरशीपासून चार इंच वर. तिथेच तीन इंच आत गेलेली खोबण ठेवा म्हणजे उभं राहताना पायाची बोटं आत जातात आणि माणूस ओट्याला टेकून सरळ उभा राहतो. ट्रॉल्यांची मापं रिकाम्या खणाची न देता आपल्या भांड्यांची द्या : मोठा कुकर, कढई आणि परात प्रत्यक्ष नेऊन दाखवा.

वरची कपाटं बारा इंच खोल, ओट्यापासून बावीस-चोवीस इंच वर. टाइल्स तिथपर्यंत पुरतात, सांध्यांत मात्र एपॉक्सी भरा, सिमेंटच्या सांध्यातली हळद निघत नाही. फरशी खरखरीत, चकचकीत नको.

मोरी बसून घासायची असेल तर तोटी दीड फुटावर, बसायला कट्टा, आणि मोरीची जमीन स्वयंपाकघरापेक्षा इंचभर खाली. त्यावर छप्पर पुरेसं पुढे काढा. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला तीन फूट छज्जाही झोडपणाऱ्या पावसात कमी पडतो.

पायरी १० : प्लास्टरच्या आधी आणि ताब्याच्या आधी

प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत टेप उलगडून धरलेली असू द्या. पाच वर्षांनी खिळा मारताना पाइप कुठे आहे ते त्यावरून कळेल.

ओटा बसल्यावर, मिस्त्रीचा हिशेब करण्याआधी, त्यावर तांब्याभर पाणी ओता आणि बघत राहा. ते सिंककडे गेलं पाहिजे, भिंतीकडे किंवा आपल्या पायांवर नव्हे. सिंकला बूच लावून काठोकाठ भरा, एकदम सोडा आणि बाहेरच्या चेंबरपाशी कुणाला तरी उभं करा. मोरीत दोन बादल्या रिकाम्या करा, पाणी कुठे थांबतं ते खडूने वेढा. आमच्या मोरीच्या एका कोपऱ्यात वीतभर डबकं राहिलं होतं. मिस्त्रीने दोन फरश्या उचलून ढाळ सुधारला, अर्ध्या दिवसाचं काम. सामान लागल्यानंतर त्याच कामाला आठवडा गेला असता.